दोन धावांचा हिशेब : यामाहा डीटी-१ चे एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. यंत्राच्या वाट्याला मात्र जाहिरात येते, नाही तर तक्रार. मोटारसायकलबद्दल बोलताना आपण 'किती पळते' आणि 'लिटरला किती देते' एवढे विचारून थांबतो. वास्तविक यंत्र हीदेखील कुणीतरी विचारपूर्वक केलेली रचना असते. ती करणाऱ्यांपुढे अडचणी असतात, त्यांतून ते वाट काढतात, काही मिळवतात आणि त्यासाठी काही सोडून देतात. काय मिळवले, काय सोडले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहणे म्हणजे यंत्राचे परीक्षण.

या लेखात आम्ही एका जुन्या जपानी मोटारसायकलचे असे परीक्षण करणार आहोत. तिचे नाव यामाहा डीटी-१. १९६७ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि १९६८ मध्ये विक्रीला निघाली. तिचे एंजिन एक सिलिंडरचे, २४६ घनसेंटिमीटरचे, हवेने थंड होणारे आणि टू-स्ट्रोक, म्हणजे द्विधाव, होते. ही गाडी निवडण्यामागे दोन कारणे आहेत. एक तर द्विधाव एंजिनाचे बहुतेक सगळे गुण आणि दोष तिच्यात स्पष्ट दिसतात. दुसरे असे की वर्गात हे एंजिन शिकवताना आपण जो तक्ता भिंतीवर लावतो, त्याचीही परीक्षा या निमित्ताने होऊन जाईल.

रस्ता आणि रान

१९६० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात, मोटारसायकल घेऊन आडरानात भटकण्याची हौस वाढली होती. पण त्यासाठी योग्य गाडी मिळत नव्हती. ब्रिटिश गाड्या दणकट खऱ्या, पण जड. युरोपातल्या शर्यतीच्या द्विधाव गाड्या हलक्या, पण दिवा, हॉर्न आणि रोजच्या वापराचा भरवसा यांच्या नावाने शून्य. होंडाची सीएल-७२ ही २५० च्या वर्गातली चतुर्धाव गाडी १९६२ पासून मिळत होती आणि ती चिवटही होती. परंतु ती मुळात रस्त्याची गाडी. सायलेन्सर उंचावरून नेला, हँडल रुंद केले, सांगाडा बदलला, तरी वजन दीडशे किलोंच्या घरातच राहिले.

डीटी-१ चे कोरडे वजन ११२ किलो होते. वाळूत किंवा ओढ्यात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करायची असते तेव्हा या फरकाचा अर्थ कळतो. जमिनीपासूनची उंची २४५ मिलीमीटर. पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १८ इंची, कारण मोठे चाक दगडावरून सहज चढते. पुढचा काटा इटलीच्या सेरियानी कंपनीच्या धर्तीवर, लांब झोके घेणारा. गिअर पाच. दिवे, हॉर्न, आरसा हे सगळे जागच्या जागी. त्यामुळे ज्या गाडीवरून सोमवारी कामावर जायचे, तिच्यावरूनच रविवारी डोंगरात जाता येऊ लागले.

यातली एकही गोष्ट सुटी पाहिली तर नवी नव्हती. नवे होते ते त्यांचे जमवून आणणे, आणि ते जमले एंजिनामुळे. द्विधाव एंजिनात झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ते चालवणारी साखळी नाही. सिलिंडरचा माथा म्हणजे पंखे असलेले एक साधे झाकण. हे सगळे वजन वाचले, तेही वरच्या बाजूचे. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला आणि एंजिन अरुंद झाले. या बाबतीत डीटी-१ च्या कर्त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला आमची हरकत नाही.

धावा निम्म्या, शक्ती दुप्पट?

आता तक्त्याकडे वळू. तक्त्यावर दोन चित्रे असतात. पहिल्यात दट्ट्या वर जातो : वर संपीडन, खाली भुजापेटीत नव्या मिश्रणाचे शोषण. दुसऱ्यात दट्ट्या खाली येतो : वर प्रसरण, मग धूर बाहेर आणि नवे मिश्रण आत. खाली एक वाक्य असते. चतुर्धाव एंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, द्विधाव एंजिनात दर फेऱ्यात होतो, म्हणून त्याच आकाराच्या एंजिनातून दुप्पट शक्ती मिळते. पुष्कळ पुस्तके त्यात 'सैद्धान्तिकदृष्ट्या' हा शब्द घालून स्वतःची सुटका करून घेतात.

डीटी-१ चे आकडे घेऊन हे विधान तपासता येते. सिलिंडरचा व्यास ७० मिलीमीटर आणि धाव ६४ मिलीमीटर. यांवरून २४६ घनसेंटिमीटर हे आकारमान विद्यार्थ्यांनाही काढता येईल. कंपनीने दिलेला कमाल टॉर्क, म्हणजे भुजादंडाला मिळणारा पीळ, २२.८ न्यूटन-मीटर आहे. त्याला २π ने गुणले की एका फेऱ्यातले कार्य मिळते : सुमारे १४३ जूल. याला सिलिंडरच्या आकारमानाने भागले की दर स्फोटामागचा सरासरी परिणामी दाब मिळतो. तो येतो सुमारे ५.८ वातावरणे. त्या काळच्या चांगल्या चतुर्धाव एंजिनात हाच दाब ९ ते १० वातावरणांच्या आसपास असे. म्हणजे द्विधाव एंजिनात स्फोट दुप्पट वेळा होतो हे खरे, पण प्रत्येक स्फोट चतुर्धाव एंजिनातल्या स्फोटाच्या जेमतेम साठ टक्के ताकदीचा. दोन्हींचा मेळ घातला तर फायदा पाचवा-चौथा हिस्सा उरतो. दुप्पट नाही.

हा तोटा कुठे होतो? पहिली जागा धाव. धूर बाहेर जाण्याची खिडकी सिलिंडरच्या भिंतीत असते आणि दट्ट्या खाली येताना ती उघडतो. अशा एंजिनात साधारणपणे धावेचा खालचा तिसरा हिस्सा शिल्लक असतानाच ती उघडावी लागते. उरलेले प्रसरण वाया जाते. दुसरी जागा म्हणजे जुना धूर. तो पूर्ण निघत नाही आणि नव्या मिश्रणात मिसळतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची : नवे मिश्रण आत येत असताना धुराची खिडकी उघडीच असते, त्यामुळे त्यातले काही न जळताच बाहेर पडते. तक्त्यावर निळे आणि तांबडे बाण एकमेकांना शिस्तीने वाट देताना दाखवतात. प्रत्यक्षात तिथे गर्दी असते.

झाडलोटीचे शास्त्र

ही गर्दी किती वेळ चालते तेही पाहू. डीटी-१ ला कमाल शक्ती मिनिटाला ६००० फेऱ्यांवर मिळे. जपानी मोजणीप्रमाणे ती साडेअठरा अश्वशक्ती होती. ६००० फेरे मिनिटाला म्हणजे एका फेऱ्याला एक शतांश सेकंद. नवे मिश्रण आत सोडणाऱ्या खिडक्या साधारण १२० अंश, म्हणजे फेऱ्याचा तिसरा हिस्सा, उघड्या असतात. एवढ्यात, सेकंदाच्या तीनशेव्या भागात, जुना धूर झाडून काढायचा आणि नवा माल भरायचा. हे काम करायला झडप नाही, पंखा नाही. फक्त वायूच्या झोतांची दिशा हाताशी आहे.

या प्रश्नाचे मूळ उत्तर जर्मन अभियंता अडोल्फ श्न्यूर्ले याने १९२० च्या दशकात दिले. त्यापूर्वी दट्ट्याच्या डोक्यावर उंचवटा ठेवत, म्हणजे झोत त्यावर आपटून वर वळे. असा दट्ट्या जड होई आणि तापे. श्न्यूर्लेने उंचवटा काढून टाकला आणि दोन्ही बाजूंचे झोत तिरपे करून धुराच्या खिडकीच्या विरुद्ध भिंतीकडे वळवले. तिथे ते एकमेकांना भेटतात, भिंतीलगत वर चढतात, माथ्याशी वळसा घेतात आणि खाली येताना धूर पुढे ढकलतात. जर्मनीतल्या चोपाऊ गावच्या डीकेडब्ल्यू कंपनीने हे तंत्र मोटारसायकलमध्ये रुजवले. यामाहाची अगदी पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, ही डीकेडब्ल्यूच्या आरटी-१२५ चीच नक्कल होती.

नक्कल करणाऱ्याने पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. डीटी-१ मध्ये या दोन मुख्य मार्गांच्या जोडीला मागच्या भिंतीजवळ आणखी दोन लहान मार्ग दिलेले होते. मुख्य झोतांच्या वळशात जो कोपरा झाडायचा राहून जाई, तो या लहान झोतांनी साफ केला. कंपनी या रचनेला 'फाइव्ह-पोर्ट' म्हणत असे. मार्ग छोटे, पण त्यांमुळे झाडलोट सुधारली आणि तीही कमी-जास्त सर्व वेगांना. रानातल्या गाडीला नेमके हेच हवे असते.

मिश्रण भुजापेटीत घेण्याची जबाबदारीही दट्ट्याकडेच होती. यामाहाच्या त्याआधीच्या अनेक लहान गाड्यांत या कामासाठी भुजादंडाच्या टोकाशी फिरणारी चकती असे. चकतीने वेळ अधिक अचूक साधते, पण कार्बोरेटर बाजूला जातो आणि एंजिन रुंद होते. डीटी-१ मध्ये अरुंदपणाला अग्रक्रम मिळाला. त्याची किंमत अशी : दट्ट्याने उघडलेली खिडकी माथ्याच्या आधी जितके अंश उघडते, तितकेच अंश माथ्यानंतर उघडी राहते. कमी वेगात दट्ट्या खाली येऊ लागला की आत घेतलेले थोडे मिश्रण कार्बोरेटरमधून उलटे बाहेर फेकले जाते. हा दोष कंपनीने १९७२ च्या नमुन्यांत पातळ पत्त्याची एकदिश झडप बसवून कमी केला. पेटीच्या भात्यातला पडदा जसा हवा आत घेतो पण परत जाऊ देत नाही, तशीच ही झडप.

नळीतली लाट

झाडलोटीला आणखी एक मदतनीस असतो, तो म्हणजे धुराची नळी. खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीतून निघते. नळी रुंदावत गेली तर त्या लाटेचे परावर्तन कमी दाबाच्या रूपाने होते आणि ते सिलिंडरमधला धूर ओढून घेते. पुढे नळी अरुंद होत गेली तर जास्त दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेले ताजे मिश्रण खिडकी बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. हे तंत्र पराकोटीला नेले पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वाल्टर काडेन याने. ही एमझेडसुद्धा चोपाऊचीच, डीकेडब्ल्यूच्या जुन्या कारखान्यातली. १९६१ मध्ये काडेनच्या १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेत पळून गेला आणि हे ज्ञान जपानला, सुझुकीकडे, पोहोचले. १९६२ चे ५० घनसेंटिमीटर गटाचे जागतिक विजेतेपद सुझुकीने आणि डेगनरने मिळवले.

लाटेचा हिशेब सोपा आहे. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरू. धुराची खिडकी साधारण १६० अंश उघडी राहते असे मानले, तर ६००० फेऱ्यांना हा काळ सेकंदाच्या ४.४ सहस्रांश इतका होतो. तेवढ्यात लाट २.२ मीटर जाते, म्हणजे एका दिशेने १.१ मीटर. पण वेग ३००० फेऱ्यांवर आला की हेच अंतर दुप्पट व्हायला हवे, आणि नळी तर तेवढीच! म्हणजे लाटेची मदत वेगाच्या एका पट्ट्यातच मिळते. पट्टा गाठला की गाडी एकदम उसळते, पट्टा सुटला की मरगळते. डांबरी रस्त्याच्या शर्यतीत हे खपते. ओल्या चढणीवर मात्र शक्ती एकदम आली तर मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि स्वार खाली येतो.

डीटी-१ च्या कर्त्यांनी इथे संयम दाखवला. टॉर्कचे शिखर त्यांनी ५००० फेऱ्यांवर ठेवले आणि नळीची मदत बेताची घेतली. त्यांना अधिक शक्ती काढता येत नव्हती असे नाही. याच गाडीसाठी कंपनी शर्यतीचा एक संच वेगळा विकत असे. सिलिंडर, माथा, कार्बोरेटर आणि नळी बदलली की तेच एंजिन सुमारे ३० अश्वशक्ती देई. आकारमान तेच, दर फेऱ्यात एक स्फोट तोच, तरी शक्ती दीडपटीहून अधिक. यावरून दोन बोध निघतात. एंजिनाची शक्ती केवळ त्याच्या आकारमानात नसते. आणि चांगला अभियंता शक्ती कुठे सोडून द्यायची तेही जाणतो. आमच्या मते डीटी-१ चा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

तेलाचा प्रश्न

द्विधाव एंजिनाची भुजापेटी मिश्रणाच्या वाटेवरच असल्याने तिथे तेल साठवता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. स्कूटर किंवा लूना वापरलेल्या वाचकांना पंपावरचे ते माप आठवत असेल. यात एक मेख आहे. लांबलचक घाट उतरताना आपण मूठ सोडतो. एंजिन मात्र चाकांमुळे वेगाने फिरतच राहते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि तेही नेमके जेव्हा ते हवे असते तेव्हा. दट्ट्या जाम होण्याचे हे एक नेहमीचे कारण. यामाहाने १९६४ पासून तेलासाठी वेगळी टाकी आणि एंजिनावर चालणारा छोटा पंप वापरायला सुरुवात केली होती. हा पंप मूठ किती पिळली आहे आणि एंजिन किती वेगाने फिरते आहे, या दोन्हींप्रमाणे तेल पुरवी. डीटी-१ मध्ये हीच व्यवस्था होती. धूर कमी झाला, मोजमापाची कटकट गेली. तरीही ते तेल शेवटी जळून किंवा अर्धवट जळून हवेतच जात होते, हे विसरता येत नाही.

निसटलेले पेट्रोल

इथून परीक्षणाची उतरती बाजू सुरू होते. आत येणारे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर यांची खिडकी एकाच वेळी उघडी असल्याचा परिणाम काय? कार्बोरेटर असलेल्या द्विधाव एंजिनात पाव ते तिसरा हिस्सा पेट्रोल न जळता बाहेर पडू शकते. समजा, अशी २५० ची गाडी लिटरला २५ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ४० मिलिलिटर, वजनाने सुमारे ३० ग्रॅम पेट्रोल. त्यातले पाव हिस्सा निसटले तर किलोमीटरला सुमारे साडेसात ग्रॅम कच्चे पेट्रोल हवेत गेले. अमेरिकेत मोटारसायकलींसाठी धुराचे नियम १९७८ च्या नमुन्यांपासून लागू झाले आणि १९८० पासून न जळलेल्या हायड्रोकार्बनांची मर्यादा किलोमीटरला ५ ग्रॅम ठरली. आपल्या कच्च्या हिशेबानेही ही गाडी त्यात बसत नाही. यामाहाने स्वतःच १९७६ मध्ये एक्सटी-५०० ही चतुर्धाव गाडी याच ग्राहकांपुढे ठेवली होती. तिचे वजन सुमारे १४० किलो होते. एवढे वजन उचलायची तयारी आता ग्राहकाला ठेवावी लागली.

दुसरी किंमत जमिनीने मोजली. ज्या हलकेपणाने सामान्य माणसाला रानात नेले, त्यानेच हजारो चाके वाळवंटाच्या नाजूक कवचावरून फिरवली. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सार्वजनिक जमिनींवर अशा वाहनांना कुठे मुभा आणि कुठे बंदी हे ठरवण्याचा आदेश काढावा लागला. यात एकट्या डीटी-१ ला दोषी धरणे अन्यायाचे होईल. तशा गाड्या पुढे सगळ्यांनीच काढल्या. पण वाट तिने दाखवली होती, हेही तितकेच खरे.

आपल्याकडेही या कथेचा एक अध्याय घडला. १९८३ पासूनची राजदूत ३५०, १९८५ पासूनची आरएक्स-१००, बजाजच्या स्कूटर, लूना या सगळ्या द्विधाव. २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि त्या हळूहळू रस्त्यावरून हटल्या. आज त्यांच्याविषयी दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक गट म्हणतो, 'तो पिकअप आता कुठला?' दुसरा म्हणतो, 'द्विधाव म्हणजे धूर, बरे झाले गेले.' पहिला गट निसटलेल्या पेट्रोलचा हिशेब टाळतो. दुसऱ्याचा निष्कर्ष बरोबर असला तरी त्याचे कारण चुकीचे आहे, आणि शिक्षकांच्या दृष्टीने हे अधिक महत्त्वाचे.

दोष दोन धावांचा नाही. महासागरांवरून जाणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांची डिझेल एंजिने द्विधावच असतात आणि इंधनातली जवळजवळ निम्मी ऊर्जा ती कामात आणतात. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांत ही कार्यक्षमता फार वरची आहे. फरक एवढाच की ती झाडलोट नुसत्या हवेने करतात. इंधन नंतर, खिडक्या-झडपा बंद झाल्यावर, आत सोडतात. त्यामुळे निसटली तर हवा निसटते. डीटी-१ ने झाडलोट केली ती पेट्रोल मिसळलेल्या हवेने, म्हणजे अंगण धुवायला दूध वापरण्यासारखे. १९६८ मध्ये लहान एंजिनाला परवडेल असे दुसरे साधन नव्हते. २०१७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने रानातल्या शर्यतीच्या द्विधाव गाड्यांत कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने इंधन फवारायला सुरुवात केली. म्हणजे डीटी-१ च्या घराण्यात हा प्रश्न पन्नास वर्षांनी पुन्हा हाती घेतला गेला.

तेव्हा आमचा निकाल असा. दिलेल्या उद्दिष्टासाठी डीटी-१ ही उत्तम रचना होती. हलकेपणा, अरुंदपणा आणि शक्तीचा आवरलेला हात यांचा असा मेळ तिच्या आधी विक्रीच्या गाडीत क्वचितच दिसला. पण तिच्या उद्दिष्टांच्या यादीत हवा नव्हती. ती त्या काळी कुणाच्याच यादीत नव्हती म्हणून कर्त्यांना फार दोष देता येणार नाही. गुणपत्रिकेत मात्र तो रकाना कोरा सोडता येणार नाही.

तक्त्याबद्दल एक सूचना. तो काढून टाकू नये, पण त्यावर धुराच्या खिडकीतून बाहेर पडणारा एक निळा बाण काढावा. मग 'दुप्पट शक्ती' हे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना वरचे आकडे द्यावेत : व्यास ७०, धाव ६४, टॉर्क २२.८. हिशेब त्यांनाच करू द्यावा. उत्तर दुप्पट येत नाही हे दिसले की 'का?' हा प्रश्न वर्गातूनच येईल, आणि त्या निळ्या बाणापाशी सगळे जण आपोआप पोहोचतील.